घरातली ड्यूटी आणि हातातला फोन

(महासंघाच्या कार्यकर्ता अभ्यासवर्गात एका रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. या वर्गाला महाराष्ट्राबाहेरचे मराठीभाषक कार्यकर्तेही हजर होते.)



संयोजकांनी आम्हाला दिलेला विषय कागदावर असा लिहिला आहे : 'घरून काम करणारे कामगार आणि सोशल मीडिया – शिक्षण व संपर्क'. हा कागद आमच्या शाखेतल्या एका जुन्या मुकादमांनी वाचला आणि ते हसत सुटले. म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, आता रूळ घरी आणून ठोकायचे काय?"

त्यांचे हसणे काही चूक नव्हे. आपल्या रेल्वेत बारा लाखांच्या आसपास माणसे. त्यांतला ड्रायव्हर घरून गाडी चालवू शकत नाही. गार्ड, ज्यांना जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्यांना घरून झेंडी दाखवता येत नाही. स्टेशन मास्तर, गेटमन, ट्रॅकमन, शेडमधला फिटर, कोणाचेच काम घरी नेण्यासारखे नाही. मग हा विषय आम्ही का घेतला? कारण २०२० साली आमच्याच शाखेतले शे-दीडशे कर्मचारी अचानक घरी बसून काम करू लागले, आणि त्या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो, ज्या चुका केल्या, त्या आधीच्या तीस वर्षांत केल्या नव्हत्या. आम्ही मॅट्रिक पास. १९९१ साली खलाशी म्हणून लागलो. कॉम्प्युटरचे शिक्षण म्हणाल तर मुलीने दिले तेवढे. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नका. घडले ते सांगतो.

एक जुनी गोष्ट आधी सांगणे भाग आहे. आमचे वडील गँगमन होते. १९७४ चा संप ८ मे रोजी सुरू झाला आणि २७ मे रोजी मागे घेतला गेला. त्या दिवसांत वडील रात्री क्वार्टरमध्ये झोपत नसत, कारण धरपकड चालू होती. आम्ही तेव्हा लहान, पण भाजीवाल्या मावशी दारात आल्या की आई टोपलीतली मेथीची जुडी उचलायच्या आधी तिच्याखालचा कागद उचलायची, एवढे नीट आठवते. तो युनियनचा निरोप. वडिलांची नोकरी गेली, १९७७ साली सरकार बदलल्यावर परत मिळाली. निरोप पोचायला कधी दोन दिवस लागत, पण एखादा निरोप खोटा निघाला असे वडिलांनी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता २०२० कडे येऊ. १९ मार्चला केंद्र सरकारचा आदेश निघाला की खालच्या गटांतील निम्मे कर्मचारी कार्यालयात यावेत, निम्म्यांनी घरून काम करावे. २२ तारखेला प्रवासी गाड्या थांबल्या आणि २४ च्या मध्यरात्री सगळा देश बंद झाला. मालगाड्या मात्र चालू होत्या. कोळसा, धान्य, खत जातच होते. प्रवासी गाड्या नाहीत म्हणून ब्लॉक भरपूर मिळाले, त्यामुळे ट्रॅकवरच्या माणसाला उलट जास्त काम. तोंडाला फडके बांधून एप्रिलच्या उन्हात गँग उभी आणि बाबूलोक घरी! आमच्या शाखेत त्यावरून चांगलीच कुरबुर झाली. "त्यांना बसून पगार, आम्हाला मरायला सोडले," असे एका गेटमनने आम्हाला फोनवर सुनावले. आम्हालाही तेव्हा त्यात तथ्य वाटले होते, खोटे कशाला बोला.

पण घरून काम म्हणजे काय ते आम्ही पाहिले, ते पास सेक्शनमधल्या एका भगिनीच्या घरी. भत्त्याचा एक कागद द्यायला गेलो होतो. दोन खोल्यांचे क्वार्टर. पुढच्या खोलीत सासूबाई आजारी, मागे मुलगा शाळेचा तास ऐकतोय, घरात फोन एकच. मुलाचा तास संपला की तो फोन बाईंकडे. मग त्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून उभ्याने साहेबांचे स्टेटमेंट तयार करायच्या. लॅपटॉप दिलेला नव्हता. नेटचा पैसा स्वतःचा. फाइल कार्यालयात आणि प्रश्न मात्र घरी येणारे. कार्यालयात काही अडले तर शेजारच्या टेबलावरच्या ओएसना विचारता येते. घरी कोणाला विचारणार? सासूबाईंना?

तिथून आमच्या ग्रुपची खरी सुरुवात झाली. व्हॉट्सॲपचा ग्रुप आधीही होता, पण त्यात सुप्रभात, वाढदिवस आणि देवांचे फोटो. बाईंनी त्यात एक दिवस साधा प्रश्न टाकला : सेवा पुस्तकातला एक तपशील नव्या संगणक प्रणालीत भरताना अडतो आहे, कोणाला माहीत आहे का? तासाभरात उत्तर आले, तेही आपल्या विभागातून नव्हे. एका भगिनीची नणंद सिकंदराबादला रेल्वेतच लिपिक. तिने तिथल्या एका तेलुगू सहकाऱ्याला विचारले, त्याने पडद्याचा फोटो काढून बाण काढून पाठवला. तो हिंदीत, तेलुगू वळणाच्या, पण बाणाला कुठे भाषा असते? पुढे बडोद्याचे एक मराठी गृहस्थ, हुबळीचे दोघे, इटारसीचा एक जण असे जोडले गेले. एरवी ही माणसे एकमेकांना निवृत्तीपर्यंत भेटली नसती.

ऑगस्ट २०२० मध्ये ई-पास आला. यापुढे पास कागदी पुस्तकातून फाडून मिळणार नाही, एचआरएमएस नावाच्या प्रणालीवर अर्ज करायचा. आता विचार करा, सेक्शनवरचा चाबीवाला, रोज हातोडा घेऊन रुळाच्या कडेने मैलोगणती चालणारा, त्याला पासवर्ड म्हणजे काय ते कोण सांगणार? पास कार्यालयात जाऊन विचारावे तर तिथे निम्मी माणसे घरी. तेव्हा आमच्या त्याच बाईंनी यूट्यूबवरचे दोन-चार व्हिडिओ पाहिले, सगळे इंग्रजीमिश्रित हिंदीत, आणि मग स्वतः एक बनवला. एका हातात स्वतःचा फोन, दुसऱ्या हातात नवऱ्याचा, त्याने पडद्याचे चित्र घ्यायचे. साडेतीन मिनिटे. भाषा आपल्या कॉलनीतली. मध्येच कुकरची शिट्टी होते. तो व्हिडिओ आम्ही गँगागँगांत पाठवला. दुसऱ्या दिवशी एका ट्रॅकमनचा बाईंना फोन : "ताई, शिट्टी झाली तिथपर्यंत आलोय. आता कोणते बटण?"

हसू नका, त्यात एक गोष्ट घडली. ज्या गेटमनने बाबूलोकांबद्दल आम्हाला सुनावले होते, त्याने स्वतःचा पहिला ई-पास काढल्यावर ग्रुपात बाईंचे आभार मानले. आणि बाईंना, बारा वर्षे पास सेक्शनला काम करून, गेटमनची ड्यूटी किती तासांची असते हे पहिल्यांदा कळले, कारण तो रात्री दोन वाजता शंका विचारायचा आणि तीच त्याची मोकळी वेळ. खिडकीच्या आतला आणि बाहेरचा माणूस असे आधी कधी बोलले नव्हते.

सभाही फोनवरच सुरू झाल्या. झूमवर फुकटची सभा चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते. आमच्या शाखेच्या इतिहासात वेळेवर संपलेल्या सभा त्याच. आमचे काही वक्ते अजून 'तर मुख्य मुद्दा असा की' इथेच असायचे आणि पडदा काळा.

शिकण्याचे आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते आम्हाला फार मोलाचे वाटते. खात्याअंतर्गत परीक्षेला बसणारी ट्रॅकमन मुले आहेत. आता यांत पदवीधर, इंजिनिअरसुद्धा आहेत. त्यांना क्लासला जायला पैसा नाही, रजा नाही. एक निवृत्त मुकादम, सातवी शिकलेले, त्यांनी आठवड्यातून तीन रात्री नऊ वाजता फोनवर वर्ग घ्यायला सुरुवात केली. विषय जनरल रूल्स. काम चालू असताना लाइनचे संरक्षण कसे करायचे हे शिकवताना त्यांनी फरशीवर खडूने दोन रेघा मारल्या, वाटी म्हणजे कामाची जागा, आणि चण्याचे दाणे मांडले. ब्रॉडगेजवर सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. नातू फोन धरून उभा. पुस्तकात हा नियम सगळ्यांनी वाचलेला असतो. पण ते म्हातारे दाणा ठेवताना सांगायचे की हा दाणा ठेवायला जाणारा माणूस एकटा असतो, मागून गाडी येते, तेव्हा तो आधी कान देतो आणि मग पाऊल उचलतो. हे पुस्तकात कुठे आहे? त्या वर्गातले तिघे पुढे परीक्षा पास झाले.

इथेच एक गोष्ट ठासून सांगतो. हे सगळे घरी. रुळावर फोन खिशातून काढायचा नाही. ग्रुपात युनियनचा कितीही महत्त्वाचा निरोप असो, ब्लॉकमध्ये असताना तो वाचायचा नाही. आमचे काही कार्यकर्ते निळी खूण दिसली नाही की रागावतात. त्यांना आम्ही सांगितले आहे, रागवायचे तर आमच्यावर रागवा.

आता चुका. दोन सांगतो, दोन्ही आमच्या स्वतःच्या.

एप्रिल २०२१, दुसरी लाट. आमचा एक ट्रॅकमन साथी गेला. पत्नी गावी, सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात. गाडी नाही, बस नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद करायचे तर त्यांना इथे आणणार कसे? ग्रुपात निरोप गेला आणि दोन तासांत त्यांच्या गावापासून आठ मैलांवरचा एक गेटमन मिळाला. तो ड्यूटी संपवून सायकलने गेला. पासबुक, आधार कार्ड, लग्नानंतर काढलेला जोडीचा फोटो, सगळ्याची छायाचित्रे काढून पाठवली. सेवा पुस्तकात नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, ही आपल्याकडची नेहमीची रड. त्याचे प्रतिज्ञापत्र कसे हवे ते सेटलमेंटच्या एका भगिनीने घरी बसून लिहून दिले. काम झाले. ज्या कामाला एरवी विधवा बाईला कार्यालयाच्या पायऱ्या सहा-सहा महिने झिजवाव्या लागतात, ते दीड महिन्यात झाले. आम्हाला फार अभिमान वाटला.

पण ते कागद आम्ही मागितले होते कुठे? ग्रुपात. त्या वेळी एका ग्रुपात २५६ माणसे मावत आणि आमचा ग्रुप भरलेला होता. एका निराधार बाईचे आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आम्ही अडीचशे लोकांच्या खिशात टाकले. पंधरा दिवसांनी त्यांना फोन आला : "रेल्वेतून बोलतोय, तुमच्या पेन्शनसाठी ओटीपी सांगा." बोलणाऱ्याला त्यांच्या नवऱ्याचे नाव माहीत होते, खात्याचे आकडे माहीत होते. धाकटा मुलगा शेजारी होता, त्याने फोन हिसकावून बंद केला म्हणून पैसे वाचले. कोणाच्या फोनमधून कागद बाहेर गेले ते आजपर्यंत कळले नाही. आम्ही त्या बाईंची माफी मागायला पुढे स्वतः गेलो. त्या काही बोलल्या नाहीत, चहा दिला. तेव्हापासून आमच्याकडे कोणाचाही कागद ग्रुपात येत नाही. जो काम करणार त्या एकाच व्यक्तीला पाठवायचा, आणि काम झाले की त्याने तो पुसायचा.

दुसरी चूक महागाई भत्त्याची. तुम्हा सर्वांना माहीत आहे, एप्रिल २०२० मध्ये सरकारने भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, १ जानेवारी २०२० पासून ३० जून २०२१ पर्यंत. अठरा महिने १७ टक्क्यांवर थांबलो. जून २०२१ च्या शेवटी एक पत्र फिरू लागले. अर्थ मंत्रालयाचे मथळ्याचे पान, खाली सही, भाषा अगदी सरकारी : भत्ता जुलैपासून पुन्हा सुरू. आमच्यापर्यंत ते आले तेव्हा कोणीतरी त्याला थकबाकीचा तक्ताही जोडला होता, कोणत्या वेतनश्रेणीला किती रक्कम ते. रात्री दहाची वेळ. आम्ही तीस वर्षे सरकारी पत्रे वाचतो आहोत, पण त्या रात्री आनंद आधी झाला आणि वाचन नंतर. 'साथींनो, संघर्षाला यश' असे वर लिहून आम्ही ते अकरा ग्रुपांत पाठवले. २६ जूनला मंत्रालयानेच जाहीर केले की पत्र बनावट आहे.

गंमत पाहा, तीन आठवडेही झाले नाहीत तोच, १४ जुलैला, मंत्रिमंडळाने खरोखरच भत्ता पुन्हा सुरू केला, १ जुलैपासून २८ टक्के. काही जण म्हणाले, सेक्रेटरींचे पत्र खरेच निघाले की! नाही. अठरा महिन्यांची थकबाकी त्यात नव्हती. ती पुढेही मिळाली नाही. सरकारने संसदेत सांगितले की त्यातून ३४ हजार कोटींवर रक्कम वाचली. आमच्या एका पॉइंट्समनने मात्र तक्त्यातला आकडा बघून मुलीच्या लग्नाच्या मंडपवाल्याला आणि सोनाराला शब्द दिला होता. तो फरक त्याने सोसायटीचे कर्ज काढून भरला. हप्ते चालू असेपर्यंत तो आमच्याशी नीट बोलत असे, कधी टोमणा मारला नाही, आणि त्याचाच आम्हाला जास्त त्रास झाला. भाजीच्या टोपलीतला निरोप दोन दिवसांनी यायचा, पण तो आणणाऱ्याची मान त्यात अडकलेली असायची. आमचे अंगठ्याने पाठवणे, त्याला काय लागते?

आता आमच्याकडे रेल्वे बोर्डाचे पत्र ग्रुपात टाकायचे तर आरबीई नंबर आणि तारीख लिहावी लागते, आणि टाकणाऱ्याने ते बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिले असले पाहिजे. आमचे तरुण चिटणीस यावर फार कडक आहेत. मध्यंतरी त्यांनी आमचेच एक पत्र काढून टाकले. नंबर नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, २०१३ नंतर पहिल्यांदा. त्या वेळी ग्रुपांत काय काय आले ते इथे भगिनींसमोर सांगत नाही. पण आमच्या ग्रुपात तो नियम टिकला.

आता घरून काम करणाऱ्याच्या वेळेचा प्रश्न. आमच्या ग्रुपाला पाहून साहेबलोकांनीही ग्रुप काढले. मग रात्री पावणेअकराला निरोप : 'अर्जंट, उद्या सकाळी आठपर्यंत माहिती द्या.' कार्यालयात साडेपाच वाजले की टेबल बंद होते. घरातल्या ओट्याला कुठे कुलूप असते? आपल्या रेल्वेत कामाचे तास आणि विश्रांती यांचे नियम आहेत. कोणाची ड्यूटी सतत, कोणाची तीव्र, कोणाची खंडित, हे ठरवायला किती भांडणे झाली! पण फोनवर आलेला निरोप ड्यूटीत धरायचा की नाही, यावर कागद नाही. आम्ही हा मुद्दा पीएनएमच्या बैठकीत मांडला. तोंडी उत्तर मिळाले की आठनंतर निरोप पाठवणार नाही. लेखी मागितले तर हसले. तोंडी शब्द महिनाभर टिकला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सगळ्यांना पूर्ण हजेरीवर परत बोलावले. घरून काम संपले असे आपण समजलो. संपले नाही. टेबल कार्यालयात परत गेले, पण ग्रुप घरीच राहिला. आता कर्मचाऱ्यांना आयगॉट कर्मयोगीवरचे अभ्यासक्रम पूर्ण करायला सांगतात. शिकायला आमचा विरोध नाही, आम्ही स्वतः दोन केले. पण शिकायचे कधी? ट्रॅकमनने आठ तास खडी टाकून घरी येऊन, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नेटवर? भुसावळच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवता तेव्हा ते दिवस ड्यूटीत धरता ना? मग पडद्यावरचे शिक्षण ड्यूटीत का नाही? ही मागणी आमच्या शाखेने ठरावात घातली आहे आणि महासंघाने ती सगळ्या उद्योगांसाठी घ्यावी अशी आमची विनंती आहे.

काल रात्री या मुद्द्यावर जेवणानंतर चर्चा चालली होती. आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगत होतो की २०२० मध्ये घरून काम ही नवी गोष्ट आली. तेव्हा सोलापूरच्या एक विडी कामगार भगिनी म्हणाल्या, "भाऊ, नवी तुम्हाला. माझी आई घरीच विड्या वळायची, मी घरीच वळते. आम्हाला कोणी वर्क फ्रॉम होम म्हटलं नाही." सगळे गप्प झाले.

त्या भगिनींनी पुढे जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने सांगतो. कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून मिळतो, हजार विड्यांवर मजुरी. पत्ता खराब आला तर विड्या कमी होतात, कमी पडलेला पत्ता बाजारातून स्वतः विकत आणायचा. वळून नेलेल्या विड्यांतून खराब म्हणून काढतात त्यांचा पैसा नाही. प्रत्येक बाईला वाटायचे की आपलाच हात जड आहे, आपणच पत्ता वाया घालवतो, कारण प्रत्येकजण आपल्या घरात एकटी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेने एक ग्रुप काढला. बायकांनी त्यात लिहायचे काही नाही, बहुतेकींना लिहिता येत नाही. पत्ता मिळाला की तराजूवर ठेवून फोटो काढायचा आणि बोलून सांगायचे, कोणत्या दिवशी, किती. महिन्याभरात कळले की हात कोणाचाच जड नाही. सगळ्यांनाच पत्ता कमी मिळत होता. मग त्या चाळीसजणी एकत्र गेल्या, फोन हातात घेऊन. वजन काही महिने बरोबर येऊ लागले, मग पुन्हा थोडे कमी. पुन्हा गेल्या. हे चालूच आहे, त्या म्हणाल्या.

साथींनो, आमच्या सगळ्या झूम आणि गुगलपेक्षा हे आम्हाला थोर वाटले. मालक माणसांना घरी पाठवतो तेव्हा भाडे वाचते, वीज वाचते हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेजारच्याला किती मिळते हे कळत नाही. कारखान्यात पगाराच्या दिवशी ते आपोआप कळते. घरी ते कळण्याचा रस्ता आज या फोनातून जातो. ग्रुपात काय टाकावे असे आम्हाला विचाराल तर आम्ही म्हणू : वजन टाका, दर टाका, तास टाका, नियमाचा नंबर टाका. देवांचे फोटो घरच्या ग्रुपात.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण उद्या वकील साथी त्यावर सविस्तर बोलणार आहेत. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात घरी काम करणाऱ्याला कामगार मानले होते, हे विसरू नका. जून १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. घरकामगार म्हणजे इथे घरी बसून मालकाचे काम करणारे, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी नव्हेत, त्यांचा करार वेगळा. त्या १७७ वर भारताने मान्यतेची मोहर उठवलेली नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी केंद्राने सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला, त्यात घरून काम हा शब्द आला, पण मालक व कामगार यांच्यातील करारावर सोडून. करार कोण लिहितो ते तुम्हाला ठाऊक आहे. काम संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणले, २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, १९६६ चा विडी कायदा त्यांत विरघळला. घरी वळणाऱ्या बाईचे त्यात नेमके काय झाले, हा प्रश्न उद्या वकील साथींना जरूर विचारा, आम्हीही विचारणार आहोत.

एक सावधगिरी सरकारी कर्मचारी साथींसाठी. रेल्वेचे आचरण नियम, तेही १९६६ चेच, तुमच्या फेसबुकलाही लावले जातात. युनियनच्या पदाधिकाऱ्याने सेवाशर्तींबद्दल प्रामाणिकपणे मत मांडणे वेगळे, आणि तुम्ही रात्री चिडून साहेबांचे नाव घेऊन लिहिणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आरोपपत्र मिळाल्यावर लोक आमच्याकडे येतात. लिहायच्या आधी आलात तर चहा आमच्याकडून.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. शेवटची सूचना कार्यक्रमाची. आज रात्री जेवणानंतर साडेआठ वाजता याच सभागृहात आमच्या पास सेक्शनच्या भगिनी आणि सोलापूरच्या भगिनी बसणार आहेत. कागदाचा नीट फोटो कसा काढायचा, तो एकाच माणसाला कसा पाठवायचा, बोलून निरोप कसा ठेवायचा आणि सरकारी पत्र खरे की खोटे ते संकेतस्थळावर कसे पाहायचे, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे. संकोच करू नका, आम्ही पहिल्या रांगेत असू. आपापला फोन आणि चार्जर घेऊन या. सभागृहात विजेची जागा दोनच ठिकाणी आहे, तेव्हा जेवायच्या आधीच चार्ज करून ठेवलात तर बरे.